मॅचला बसताना ग्लासात किती?

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या, व्हिस्की मुरवायच्या पिंपांच्या गोदामांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. मित्र जमतात, टीव्हीवर खेळ लागतो, बर्बनची, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीची, बाटली उघडते, मग पुढे काय आणि किती? मी सांगलीहून रसायनशास्त्र शिकून इकडे आले आणि डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, म्हणून लोक मला बर्बनचं विचारतात. राहते केंटकीतल्या बास्केटबॉलवेड्या लुईव्हिल शहरात, म्हणून बास्केटबॉलचंही विचारतात. दोन्ही गोष्टी माझ्या जिव्हाळ्याच्या आहेत, तेव्हा या वेळी सगळी जागा यालाच देते.

प्रश्न : मुलगा लुईव्हिलला नोकरीला आहे. मार्चमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. त्याच्याकडे मॅच बघायला मित्र जमतात आणि बर्बन असते. ‘बाबा, तुम्हीही बसा’ असं म्हणतो. मी कधीमधी एखादा पेग व्हिस्की सोड्याबरोबर घेतो. बर्बन वेगळी कशी? आणि मुलाच्या मित्रांत बसणं बरं दिसेल का?
— वि. कु., नाशिक

उत्तर : अवश्य बसा. मुलाने आपणहून बोलावलंय, यापेक्षा आणखी काय हवं? इथे तीन पिढ्या एका सोफ्यावर बसून मॅच बघताना मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत.

बर्बन ही व्हिस्कीच, पण कायद्याने घट्ट बांधलेली. ती अमेरिकेतच बनलेली असावी लागते. धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो, बाकी राय (गव्हासारखंच एक धान्य) किंवा गहू आणि थोडी माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली, बार्ली. मुरवायची ती ओकच्या कोऱ्या आणि आतून जाळलेल्या पिंपात. रंग किंवा स्वाद वरून घालायची मुभा नाही. केंटकीतच बनली पाहिजे असा मात्र नियम नाही. बहुतेक बर्बन इथे बनते, कारण इथला मका, इथलं चुनखडीतून झिरपलेलं, लोह नसलेलं पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी माणसं.

खरी गंमत पिंपात आहे. पिंप जाळायचं काम मिनिटभराचं असतं. आत आगीचा लोळ उठतो, तो विझवतात, आणि वाकून पाहिलं तर लाकडाची आतली बाजू तडकून मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची झालेली दिसते. कामगारही तिला मगरच म्हणतात. त्या कोळशाच्या थरामागे लाकडातली साखर भाजून तांबूस झालेली असते. उन्हाळ्यात गोदाम तापलं की दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून परत बाहेर येते. येताना रंग आणते, व्हॅनिलाचा वास आणते, भाजलेल्या साखरेची चव आणते. पिंप एकदाच वापरता येतं, त्यामुळे रिकामी झालेली पिंपं दुसरीकडे विकली जातात. आपण जी स्कॉच पितो, तीही पुष्कळदा याच जुन्या पिंपांत मुरलेली असते.

म्हणून सुरुवातीला सोडा घालू नका. तीस मिली घ्या, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, मग अर्धा चमचा साधं पाणी घालून परत वास घ्या. जळजळ कमी होते आणि आतले वास वर येतात. प्रयोगशाळेत आम्ही नमुना पाण्याने वीस टक्क्यांवर आणून मगच हुंगायचो, तेव्हा पाणी घालण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. त्यानंतर बर्फ हवा तर बर्फ, सोडा हवा तर सोडा.

एक गोष्ट मात्र नक्की पाहा, ती म्हणजे लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा. तुमच्या सवयीची भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. इथे ४० टक्क्यांपासून ५० च्या पुढेही बाटल्या असतात. लेबलवर ‘प्रूफ’ लिहिलेलं असेल तर निम्मं करा: १०१ प्रूफ म्हणजे ५०.५ टक्के. तोच पेग, पण जास्त चढतो. रक्तदाबाची, साखरेची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. ग्लासात काय आहे यावर तिथलं तुमचं स्थान ठरत नाही.

आता खेळाचं. मार्चमध्ये कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा असते. ६८ संघ, हरला की घरी. पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी, पण थांबत-थांबत सामना दोन तासांच्या पुढे जातो. निळा रंग लेक्सिंग्टनच्या केंटकी विद्यापीठाचा, लाल लुईव्हिलचा. एकेका घरात दोन्ही रंग असतात आणि ते वैर खरं असतं. २०१२ मध्ये हे दोघं न्यू ऑर्लिन्सला उपांत्य फेरीतच समोरासमोर आले, केंटकीने ६९–६१ ने बाजी मारली आणि पुढे विजेतेपदही नेलं. मुलाचे मित्र कुठल्या रंगाचे आहेत हे आधी विचारून ठेवा. निळ्यांच्या घरात ड्यूक विद्यापीठाचं कौतुक करू नका. १९९२ साली केंटकी १०३–१०२ ने पुढे होती, २.१ सेकंद उरले होते, आणि ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेला पास झेलून, वळून, बास्केट केली. त्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी मुलं आज त्या शॉटबद्दल तळमळून बोलतात. तुम्ही एवढंच विचारा, ‘तो शॉट काय होता?’ आणि ऐकत राहा. तुमची त्या मुलांशी ओळख तिथेच होईल.

प्रश्न : आम्ही पाच रूममेट मिळून मॅच बघतो. या वेळी ठरवलंय की प्रत्येक थ्री-पॉइंटरला (लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटला) एक शॉट मारायचा, कुठल्याही टीमचा असो. ताई, बर्बन कुठली घेऊ? स्वस्तातली सांगा.
— अ. प., शिकागो

उत्तर : अरे, बाटलीचं नाव सांगण्याआधी हिशेब करू. दोन्ही संघांचे मिळून पंधरा थ्री-पॉइंटर पडणं ही या खेळातली रोजची गोष्ट आहे. अमेरिकेत एक शॉट म्हणजे ४४ मिली. पंधरा शॉट म्हणजे ६६० मिली. बाटलीच ७५० ची असते. दोन-अडीच तासांत एकेकाने जवळजवळ अख्खी बाटली! शरीर साधारण तासाला एक शॉट निपटतं, उरलेलं रक्तात साठत जातं. यात माणूस मरतो. तुला घाबरवायला म्हणून हे लिहीत नाही, रसायनशास्त्र म्हणून लिहिते आहे.

खेळ बघताना पिण्यात जो धोका आहे, तो नेमका हाच. सामना रंगात आला की हात आपोआप ग्लासाकडे जातो. बास्केट पडली म्हणून घोट, हुकली म्हणून घोट, रेफरीने चुकीचा फाऊल दिला म्हणून घोट. चव कुणालाच कळत नाही आणि शेवटची पाच मिनिटं, ज्यासाठी आपण जमलो, ती धड आठवत नाहीत. म्हणून माझ्या घरी जी पद्धत आहे ती तुला सांगते. ओतायचं ते खेळ थांबलेला असतानाच. सामना सुरू होण्यापूर्वी एक, हवी तर मध्यंतरात एक, तीही मापाने मोजून. दुसऱ्या भागात टेबलावर फक्त पाणी आणि खायचं. बाटली टीव्हीच्या खोलीत ठेवायचीच नाही, स्वयंपाकघरात ठेवायची. उठून जावं लागलं की निम्मे लोक उठत नाहीत. नुसत्या शेंगदाण्यांवर बसू नका, आधी पोळीभाजी खा.

थ्री-पॉइंटरवर पैज लावायचीच असेल तर उठाबशांची लावा. आणि पाचही जण एकवीस पूर्ण केलेले आहात ना? नसाल तर या उत्तराचा उरलेला भाग तुमच्यासाठी नाही. असाल तर चाळीस टक्क्यांची साधी ‘जिम बीम’ किंवा ‘फोर रोझेस’ पुरे. पन्नासच्या वरची बाटली घोळक्यात आणू नका.

हे भिंतीवर लावून ठेव : कुणी पिऊन झोपला आणि हलवूनही जागा होत नाही, श्वास फार सावकाश किंवा अडखळत चालतोय, ओठ निळसर पडलेत, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचं नाही. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि लगेच ९११ या इथल्या आपत्कालीन नंबरला फोन करायचा.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे केंटकी डर्बीसाठी वीसेक मंडळी येणार आहेत. निम्मे मराठी, निम्मे नवऱ्याच्या ऑफिसातले. काही जण अजिबात घेत नाहीत, काही शाकाहारी आहेत. मिंट ज्यूलेप (बर्बन आणि पुदिन्याचं पेय) घरी जमेल का?
— सौ. मे. जो., कोलंबस, ओहायो

उत्तर : जमेल, आणि मला हा दिवस फार आवडतो. डर्बी ही घोड्यांची शर्यत १८७५ पासून लुईव्हिलच्या चर्चिल डाउन्स या मैदानावर होते. मेचा पहिला शनिवार, तीन वर्षांचे घोडे, जास्तीत जास्त वीस, सव्वा मैल अंतर. शर्यत दोन मिनिटांची. १९७३ मध्ये सेक्रेटेरिएट नावाचा घोडा दोन मिनिटांच्या आत पोचला, आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

या दोन मिनिटांचाच विचार करून बेत आखा. टीव्हीवर दुपारपासून कार्यक्रम सुरू असतो आणि मुख्य शर्यत संध्याकाळी सातच्या सुमारास. दुपारी एकला ज्यूलेप हातात दिलं तर सातपर्यंत घरात कुणी शुद्धीत नसतं. ज्यूलेपमध्ये साखर आणि पुदिना असल्यामुळे ते सरबतासारखं घशाखाली जातं, पण आत साठ मिली बर्बन असते. दुपारभर लिंबू सरबत, आइस्ड टी, टोप्यांची स्पर्धा, मुलांसाठी चिठ्ठ्या काढून घोडे वाटणं असं चालू द्या. ज्यूलेप सहानंतर, माणशी एक.

कृती सोपी आहे. आठ-दहा पुदिन्याची पानं आणि पंधरा मिली साखरेचा पाक पेल्याच्या तळाशी घ्या. पानं चमच्याने नुसती दाबा. ठेचलीत की कडवट होतात, आणि घाईत नव्वद टक्के लोक ठेचतातच. बर्बन ओता. बर्फ स्वच्छ पंच्यात बांधून बत्त्याने बारीक कुटा आणि पेला शिगोशीग भरून ढवळा, वर अजून बर्फाचा ढीग लावा. बाहेरून दव धरेपर्यंत थांबा. पेला काठाला किंवा बुडाला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने ते दव जातं. पुदिन्याचा तुरा तळहातावर एकदा थापटून वर खोचा आणि स्ट्रॉ त्याच्याच शेजारी, म्हणजे प्रत्येक घोटाला नाकाशी पुदिना येतो. इथे ज्यूलेपचे चांदीचे पेले असतात. आपल्या घरचे स्टीलचे पेले अगदी तेच काम करतात.

न घेणाऱ्यांसाठी हेच सगळं तसंच, फक्त बर्बनच्या जागी जिंजर एल (आल्याच्या स्वादाचं, दारू नसलेलं सोड्यासारखं पेय) आणि लिंबू. पेला तोच, तुरा तोच. कुणाच्या हातात काय आहे हे लांबून कळता कामा नये, म्हणजे ‘तू का नाही घेत?’ हा आगाऊ प्रश्न कुणी विचारत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी लुईव्हिलचंच बेनेडिक्टीन करा. काकडी किसून घट्ट पिळा, क्रीम चीज, कांद्याचा थोडा रस आणि मीठ घालून ब्रेडला लावा, कडा कापा. आपल्या लोकांना पहिल्या घासात आवडतं. शेजारी बटाटेवडे ठेवा, ऑफिसातली मंडळी ते आधी संपवतील. आणि गाडी कोण चालवणार हे पाहुण्यांना दारातच विचारा. सातनंतर विचारण्यात अर्थ नसतो.

प्रश्न : पुतणी अमेरिकेहून येताना बर्बन आणू का विचारते. किती आणता येते आणि कुठली मागवू?
— र. शि., पुणे

उत्तर : भारतात येताना प्रौढ प्रवाशाला माणशी दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी न भरता आणता येतं. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. मऊ चव हवी असेल तर ‘मेकर्स मार्क’ मागवा. तिच्यात रायऐवजी गहू असतो. मिरीसारखा तिखटपणा आवडत असेल तर ‘वाइल्ड टर्की १०१’, मात्र ती पाणी घालूनच. भारतात बर्बनवरची आयात ड्यूटी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आली, तरी तिकडून आणणं अजूनही स्वस्तच पडतं. दुर्मीळ म्हणून दसपट भावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या मागे लागू नका. नोकरीच्या सगळ्या वर्षांत किंमत आणि चव हातात हात घालून चाललेली मी पाहिली नाही. आणि महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, तो काढून ठेवा.

प्रश्न : आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. आयपीएलच्या मॅच एकत्र बघतो, शनिवारी-रविवारी हमखास बर्बन निघते. आमच्यातल्या एकाने पुण्यात उपचार घेऊन दारू सोडली आणि आता तो परत आलाय. त्याला बोलवावं की न बोलावणंच बरं?
— नि. सा., अटलांटा

उत्तर : बोलवा. दारू सोडणाऱ्याचे मित्रही सुटतात, आणि ते एकटेपण फार वाईट असतं. पण बोलावण्याआधी फोन करा आणि सरळ विचारा, ‘तुला यायला आवडेल का? कसं ठेवू?’ त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. भारतातली संध्याकाळी साडेसातची मॅच तुमच्याकडे सकाळी दहाला लागते. सकाळी दहाला बर्बन कशाला हवी? चहा करा, पोहे करा. सामना साडेतीन तासांचा असतो. तेवढा वेळ बाटली कपाटात राहिली तर सात जणांचं काहीही जात नाही, आठव्याचं मात्र फार मोठं काम होतं. निदान हा मोसमभर तरी असंच करा, आणि कपाटात म्हणजे खरोखर कपाटात, काउंटरवर झाकून नव्हे. ‘एका घोटाने काय होतंय’ हे वाक्य तुमच्या घरात कुणी उच्चारणार नाही, हे बाकीच्या सहा जणांना आधीच बजावून ठेवा.

तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, सभांना जात असेल तर त्याची सभा कधी असते ते विचारून घ्या आणि मॅचची वेळ आड येत असेल तर त्याला सभेलाच जाऊ द्या. मॅच संपल्यावर कुणी ‘चला, आता एकेक होऊन जाऊ दे’ म्हणालंच, तर तुम्ही उठा, त्याला घेऊन बाहेर पडा आणि दोघं मिळून कुठेतरी जेवायला जा.