‘हर्षद संख्या’ यातला हर्षद कोण?

प्रश्न असा आला आहे: ‘१,४२,८५७ ही हर्षद, कापरेकर आणि स्वयंभू संख्या आहे’ असं वाचलं. कापरेकर हे आडनाव झालं, मग हर्षद कोण? आणि संख्या स्वयंभू कशी?

हर्षद नावाचा कुणी गणितज्ञ इथे नाही (आणि शेअरबाजारवाला तर नाहीच). हे साधं विशेषण आहे. हर्ष देणारा तो हर्षद. सुखद, वरद यांतला ‘दा’ धातूचा ‘द’च इथे आहे. म्हणून ‘हर्षदची संख्या’ लिहिणं चूक. नाव ठेवलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद. १+४+२+८+५+७ = २७, आणि २७ × ५,२९१ = १,४२,८५७. यात हर्ष कसला, असं वाटत असेल तर लांबलचक भागाकाराच्या शेवटी बाकी शून्य आल्यावर शाळेत काय वाटायचं ते आठवा. याच संख्यांना इव्हान निव्हेन या गणितज्ञावरून ‘निव्हेन संख्या’ही म्हणतात. मराठीत तरी हर्षदच म्हणावं, असं माझं मत.

‘कापरेकर संख्या’ मात्र माणसावरूनच. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, बेरीज करायची. मूळ संख्या परत आली पाहिजे. १,४२,८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. आता २०४०८ + १२२४४९ = १,४२,८५७. प्रसिद्ध ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की जवळपास नेहमी शेवटी येणारा आकडा), ती गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे ६१७४ स्वतः कापरेकर संख्या नाही, हर्षद आहे: १८ × ३४३.

स्वयंभू हा शब्द देवळातला. कुणी प्रतिष्ठापना न करता आपोआप प्रकटलेली मूर्ती ती स्वयंभू. संख्यांत २३ मध्ये तिचेच अंक मिळवले (२३+२+३) की २८ येते, म्हणजे २८ ला जन्म देणारी संख्या २३. ज्यांना अशी जन्मदात्री संख्याच नाही त्या स्वयंभू, उदाहरणार्थ २०, ३१, ४२. ही कल्पनाही कापरेकरांचीच. कुठल्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागलं की बाकी सारखीच उरते. १,४२,८५७ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिची जन्मदात्री असलीच तर तिलाही ९ ने भाग जायला हवा. शिवाय १,४२,८५७ च्या आतल्या कुठल्याही संख्येची अंकबेरीज ४५ च्या पुढे जात नाही. म्हणजे उमेदवार पाचच: १,४२,८४८, १,४२,८३९, १,४२,८३०, १,४२,८२१, १,४२,८१२. यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे ९, १८, २७, ३६, ४५ हवी. आहे २७, २७, १८, १८, १८. एकही जुळत नाही.

याच घराण्यातली ‘डेमलो संख्या’ पुढेमागे भेटली, तर संस्कृत व्युत्पत्ती शोधत बसू नका. ते नाव कापरेकरांनी जुन्या जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून घेतलं होतं.