बातमीला ऊब हवी की ओलावा?

वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका छोट्या, स्वतंत्र वृत्त-संकेतस्थळात काम करणाऱ्या भगिनीने एक प्रश्न विचारला आहे. बातम्या माणसांच्या तोंडून, आपलेपणाने सांगायच्या असे त्यांच्या चमूने ठरवले आणि तसा मसुदाही तयार केला. त्यात ‘मानवी उबदारपणा असलेल्या स्टोऱ्या’ असे शब्द आले आहेत आणि ते त्यांच्या कानाला खटकतात. ‘स्टोरी’ला कथा म्हणावे, कहाणी म्हणावे की वृत्त, आणि इंग्रजीतल्या ‘वॉर्म्थ’ला मराठीत काय म्हणावे, असे त्या विचारतात.

खटकते ते योग्यच आहे. आधी ‘उबदारपणा’ पाहू. उबदार हे विशेषण मराठीत गोधडीला, स्वेटरला, फार तर खोलीला लागते. ‘मायेची ऊब’ आपण म्हणतो, पण तिथेही कुशीत घेणारे कोणीतरी माणूस डोळ्यांसमोर असते; लेखाला किंवा बातमीला ऊब लावली की ती उसनी वाटते. याचे कारण हवामानात असावे असे मला वाटते. थंड मुलखातल्या भाषांनी जवळिकीसाठी उष्णतेची प्रतिमा घेतली, तर उन्हाने तापणाऱ्या आपल्या मुलखात ‘तुला पाहून डोळे निवले’ असे म्हटले जाते, आणि निवणे म्हणजे तापलेले शांत होणे. आपल्याकडे आपुलकीची प्रतिमा पाण्याची आहे. मायेचा ओलावा, अंतःकरणाचा ओलावा हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, आणि त्याच्या उलट बाजूला कोरडी चौकशी, कोरडी सहानुभूती, कोरडा उपदेश ही माळ तयारच आहे. ‘कोरडी बातमी’ म्हटले की उणीव कोणती ते कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून तिच्यात हवा तो ओलावा. पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून ओल पाहतो, कारण बी कितीही चांगले असले तरी ते ओलीशिवाय रुजत नाही, हा अर्थही या शब्दामागे उभा राहतो.

‘मानवी’ हा शब्द मात्र मी सरळ काढून टाकीन. मानवी वस्ती, मानवी साखळी, मानवी चूक या प्रयोगांत तो केवळ वर्गीकरण करतो, म्हणजे यंत्राची नव्हे, माणसाची चूक, एवढेच सांगतो. ‘माणसे दिसतील अशी बातमी’ हे साधे वाक्य त्याच्यापेक्षा पुष्कळ अधिक सांगते.

आता ‘स्टोरी’. इंग्रजी वृत्तपत्रांच्या कचेरीत हा शब्द कोणत्याही बातमीसाठी वापरतात, आणि ‘आज स्टोरी काय आहे?’ हे वाक्य मराठी बातमीदारांच्याही तोंडी रुळले आहे. बोलण्यात ते राहिले तरी बिघडत नाही. छापताना मात्र त्याचे ‘कथा’ करू नये, कारण आधुनिक मराठीत कथा म्हटले की रचलेले लेखन डोळ्यांसमोर येते, आणि जिची सारी पत सत्यावर उभी आहे त्या मजकुराला हे नाव घातक ठरते. ‘कहाणी’ हा शब्द हल्ली ‘संघर्षाची कहाणी’ अशा मथळ्यांतून फार दिसतो. मराठी घरांत कहाणी म्हणजे श्रावणातली, व्रताची. ती ‘आटपाट नगर होतं’ अशी सुरू होते आणि ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ अशी संपते. बातमीला आटपाट नगर चालत नाही. तिला गाव, तालुका, वार आणि वेळ लागते. शिवाय ज्या बाईच्या घरकुलाचा हप्ता दोन वर्षे अडकला आहे, तिचे सुफळ संपूर्ण झालेलेच नाही, आणि ते झाले नाही हीच तर बातमी आहे.

‘गोष्ट’ हा शब्द मला फार आवडतो. तो संस्कृत गोष्ठीवरून आला, गोष्ठीच्या मुळाशी गोष्ठ म्हणजे गुरे एकत्र उभी राहण्याची जागा आहे, आणि आपला गोठाही तिथलाच. चार जण जमून बोलतात ती गोष्ठी, आणि जे बोलतात ती गोष्ट. मराठीत गोष्ट काल्पनिक असते तशी खरीही असते: ‘ही गोष्ट खरी आहे’, ‘साधी गोष्ट नाही’. बैठकीत चर्चा करताना हा शब्द बिनधास्त वापरावा. सदराचे नाव म्हणून मात्र तो मुलांच्या पुस्तकाकडे झुकतो.

‘बातमी’, ‘वृत्त’ आणि ‘वार्ता’ या तिघींना आपण समानार्थी मानतो, तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. जुन्या मराठीत बातमीदार म्हणजे गुप्त खबर काढून आणणारा, म्हणजे हेरच. त्यामुळे बातमीत मिळवून आणलेल्या माहितीचा अर्थ मुरलेला आहे. वृत्त म्हणजे घडलेले. वार्तेची हकिकत मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चार विद्या सांगितल्या आहेत, त्यांतली एक वार्ता, आणि तिची व्याख्या आहे ‘कृषिपाशुपाल्ये वणिज्या च वार्ता’. शेती, गुरे पाळणे आणि व्यापार, म्हणजे लोक कशावर जगतात ती वार्ता. ज्या शब्दाने आज आपण बातमीपत्र ओळखतो, त्याचा एक जुना अर्थ उपजीविका असा होता, हे प्रत्येक वार्ताहराने मनाशी ठेवावे असे मला कळकळीने वाटते. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ या स्वतंत्र उपक्रमात मजूर, विणकर, धनगर, मच्छीमार यांच्या कामाचे तपशीलवार वृत्तांत मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतात, आणि तिथेच महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहातून निवडक ओव्या, गाणारीच्या नावागावासह, प्रसिद्ध होत आल्या आहेत. हे काम मला वार्ता या शब्दाच्या जुन्या अर्थाला अगदी धरून वाटते.

तरीही भगिनींनी विचारलेल्या प्रकारासाठी माझी शिफारस ‘हकिकत’ या शब्दाची आहे. अरबीत हकीकत म्हणजे सत्य. मराठीत आल्यावर तिला ‘घडले ते सांगणे’ असा अर्थ मिळाला, म्हणजे खरेपणा आणि कथन ही दोन्ही एकाच शब्दात आली. पोलिसांच्या कागदात ‘थोडक्यात हकिकत अशी की’ असते आणि शेजारीण भेटली की ‘काय हकिकत?’ असेही आपण विचारतो. तिची बहीण ‘कैफियत’. तिच्या मुळाशी अरबी ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’ हा प्रश्न आहे, पण मराठीत कैफियत गाऱ्हाण्याकडे वळली, तेव्हा जिथे माणूस स्वतःची बाजू मांडतो आहे तिथेच ती शोभेल.

परंतु शब्द बदलून ओलावा येत नाही. तो वाक्याच्या ठेवणीतून येतो. एक नमुना पाहा: ‘तीव्र पाणीटंचाईमुळे महिलांना पाण्यासाठी वणवण करावी लागत असल्याचे चित्र दिसून येत असून नागरिकांमधून संताप व्यक्त होत आहे.’ असे वाक्य आपण सर्वांनी शेकडो वेळा वाचले आहे. यात चित्र दिसते, पण ते पाहणारा कोणी नाही. संताप व्यक्त होतो, पण रागावलेले माणूस कुठेच नाही. मराठीतले कर्मणी आणि भावे प्रयोग फार कामाचे आहेत, तरी ते सतत वापरले की कर्ताच नाहीसा होतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीही. हीच बातमी मी नमुन्यादाखल अशी लिहीन: ‘टँकर सकाळी आठला येणार होता, तो दुपारी दोनला आला. रांगेत सत्तर हंडे होते आणि बेचाळिसाव्या हंड्याला पाणी संपलं. “आता उद्या या म्हणतात, पण उद्या येईल म्हणून सांगतंय कोण?” असं म्हणत मागची आजी रिकामा हंडा उचलून निघाली.’ यात कुठेही विशेषणांनी गहिवर आणलेला नाही, उलट आकडे वाढले आहेत. हे आकडे आणि हे शब्द बातमीदाराने तिथे उभे राहून टिपलेले असले पाहिजेत; घरी बसून रचले तर ती कथा झाली.

त्या आजीच्या वाक्यातले ‘म्हणतात’ आणि ‘म्हणून’ पाहा. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उचलून आपल्या वाक्यात गुंफण्याची ही सोय मराठीच्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि ‘असे त्यांनी यावेळी सांगितले’ या ठोकळ्यात घातले की बोलणाऱ्याचा आवाज पुसला जातो. म्हणून शक्य तिथे बोलीतले शब्द अवतरणचिन्हात तसेच ठेवावेत आणि त्यांचे प्रमाणीकरण करू नये.

ओलाव्यामुळे निःपक्षपातीपणा जातो की काय, अशी शंका भगिनींच्या एका सहकाऱ्याने काढल्याचे त्यांच्या पत्रात आहे. मराठीत पत्रकाराचा गुण सांगताना आपण ‘निर्भीड’ म्हणतो. भीड नसणे म्हणजे सत्तेचा संकोच नसणे. जिव्हाळा नसणे हा त्याचा अर्थ नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा ‘काय करूं आतां धरूनियां भीड’ हा अभंग होता, आणि ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्याविषयीच्या जिव्हाळ्यातूनच ती भीड सोडलेली होती.

मराठीच्या जुन्या पत्रव्यवहारातही बातमी आणि आस्था वेगळ्या नव्हत्या. मराठेशाहीतली पत्रे ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशा अर्थाच्या मायन्याने सुरू होतात, मग ‘विशेष’ हा शब्द येतो, आणि खरा मजकूर त्यानंतर सुरू होतो. सदराला जुन्या वळणाचे नाव हवे असेल तर ‘विशेष हकिकत’ चांगले दिसेल.

लेखनाविषयी एक बारीक गोष्ट राहिली. छापील मजकुरात ‘हकीकत’ आणि ‘हकिकत’ अशी दोन्ही रूपे आढळतात. तत्सम नसलेल्या, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे न आलेल्या शब्दांत उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराच्या आधीचे इकार-उकार ऱ्हस्व लिहावेत असा नियम आहे, म्हणून सदराच्या मथळ्यावर ‘हकिकत’ असे ऱ्हस्व लिहावे.