कुंड्यांमधली उकराउकर: खार, उंदीर, मांजर यांना कसं लांब ठेवायचं

नमस्कार शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, या आठवड्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय, की कुंडीत बी टाकलं की दुसऱ्या दिवशी माती उकरलेली असते, टोमॅटो अर्धे खाऊन टाकलेले असतात, तर मिरचीपूड टाकू का, डांबरगोळ्या ठेवू का, उंदराचं औषध ठेवू का.

आधी कोण येतंय ते ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो. दिवसाउजेडी उथळ वाटीसारखे खड्डे पडले तर बहुतेक खार. रात्रीत कुंडीच्या कडेनं बोगद्यासारखं भोक आणि काळ्या लेंड्या असतील तर उंदीर. माती ओढून ढीग केलाय आणि घाण वास येतोय म्हणजे मांजर, ती माती हातमोजे घालूनच काढा, घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी हात लावूच नये.

खारीला तुमच्या रोपाशी काही वैर नसतं हो, तिला भुसभुशीत ओली माती दिसली की ती काहीतरी पुरायला नाहीतर शोधायला उकरते, म्हणून नवीन लावलेली कुंडीच जास्त उकरली जाते आणि एकदा मुळांनी माती धरली की त्रास बराच कमी होतो. म्हणजे सगळा जोर पहिल्या महिन्यावर लावा.

सगळ्यात भरवशाची म्हणजे अर्ध्या इंची चौकोनाची गॅल्वनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, एकमेकींना जोडलेल्या तारांची जाळी. कुंडीच्या तोंडापेक्षा दोन इंच मोठा गोल कापा, कडेपासून मधापर्यंत एक चीर द्या, मधे खोडासाठी दोन बोटांचं भोक ठेवा, मग कडा खाली वाकवून मातीत दाबा आणि वर पातळ माती पसरा. तारेची टोकं पक्कडीनं आत वळवाच, नाहीतर तुमचाच हात फाटेल. खोड जाड होत गेलं की भोक मोठं करत राहा, हे लोक विसरतात आणि तार खोडात रुतते. जाळी नसेल तर खारीला हलवता येणार नाहीत असे मोठे गोटे रोपाभोवती लावा, मांजरालाही ते आवडत नाहीत. प्लास्टिकची जाळी मात्र खार कुरतडते, तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात.

रोपांवर वरून टाकतात ती पातळ नायलॉनची सैल जाळी नकोच. त्यात साप, पक्षी, खारी अडकून तडफडून मरतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं भोक ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. रोप झाकायला जाळी घ्यायचीच तर सोपी परीक्षा म्हणजे तिच्यातून बोट आरपार जायला नको, आणि ती फ्रेमवर ताणूनच बसवा. फुलं लागली की सकाळी उघडा, मधमाश्यांना वाट हवी.

मिरचीपूड सस्तन प्राण्यांना झोंबते, पक्ष्यांना नाही, पण पाणी घातलं की वाहून जाते आणि वाऱ्यानं तुमच्या नाहीतर त्या जिवाच्या डोळ्यात जाते, मी सुचवत नाही. डांबरगोळ्या तर अजिबात नाही, ते विषच आहे, खायच्या भाजीच्या मातीत कशाला. उंदराचं विषही नको, विष खाल्लेला उंदीर घुबड किंवा मांजर खातं आणि तेही मरू शकतं. उंदीर पकडायच्या चिकटपट्टीवर अडकलेला जीव तासन् तास जिवंत असतो, तीही नको. खत म्हणून हाडांचा चुरा किंवा शेंगदाण्याची पेंड वर पसरत असाल तर वासानं उंदीर, कुत्रे तुम्हीच बोलावताय, ते मातीत खोल मिसळा. माकडांपुढे यातलं काही टिकत नाही, तिथं छतासकट पक्का पिंजराच लागतो.

उन्हाळ्यात खार टोमॅटो चावते ते पुष्कळदा तहानेपोटी. कुंड्यांपासून लांब एक उथळ भांडं ठेवा, पाणी रोज बदला, फळाला रंग चढायला लागला की तोडून घरात पिकवा.

आणि जाळ्या बसवायच्या आधी कुंड्यांच्या मागं, कोपऱ्यात नीट बघा. काथ्या, कापूस, चिंध्यांचा गोळा दिसला तर ते खारीचं घरटं असू शकतं, आत पिल्लं असतील तर ती कुंडी आहे तिथंच राहू द्या, पिल्लं स्वतः फिरायला लागली की मगच हलवा.