द्रावणात टिकणारे फेरेट बाटलीत का बिघडते?

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी आम्ही कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) संहत द्रावणात पोटॅशियम फेरेट हे लोखंडाचे तीव्र ऑक्सिडीकारक संयुग तयार केले. गडद जांभळे स्फटिक मिळाले. परंतु गाळून, सुकवून बाटलीत भरल्यावर तीन दिवसांत ते तपकिरी पडले. ज्या द्रावणात जवळपास निम्मे पाणी असते तेथे हे संयुग टिकते आणि कोरड्या बाटलीत बिघडते, हे कसे?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : त्या द्रावणात पाणी असते, पण ते मोकळे नसते, पोटॅशियम आणि हायड्रॉक्साइड या आयनांनी ते स्वतःभोवती बांधून घेतलेले असते. फेरेटच्या विघटनात 4 फेरेट आयन पाण्याचे 10 रेणू वापरून फेरिक हायड्रॉक्साइड, ऑक्सिजन आणि 8 हायड्रॉक्साइड आयन देतात, त्यामुळे हायड्रॉक्साइडची आधीच दाटी असेल तर ही क्रिया रेंगाळते. शिवाय पोटॅशियमच्या विपुलतेमुळे फेरेट फारसे विरघळतच नाही. सोडियम फेरेट कॉस्टिक सोड्यात विरघळलेले राहते आणि पोटॅश घालताच पोटॅशियम फेरेटचा साका बसतो, तो याचमुळे.

मात्र द्रावणात राखण करणारे हे पोटॅश बाटलीत फितूर होते. स्फटिकांवर त्याचा पातळ थर राहिला, की तो हवेतला ओलावा ओढतो. जुलैमध्ये सांगलीत पोटॅशची एक गोळी काचेवर ठेवून पाहा. थोड्याच वेळात तिला पाझर फुटतो. तशाच ओल्या थरात फेरेट विरघळून विघटन पावते, आणि तयार झालेले फेरिक हायड्रॉक्साइड पुढच्या विघटनाला वेग देते.

तेव्हा दोष बहुधा तुमच्या धुण्यात आहे. फेरेट जवळजवळ विरघळत नाही पण पोटॅश सहज विरघळते, अशा निर्जल मिथेनॉलने स्फटिक झटपट धुवावेत (रेंगाळल्यास फेरेट मिथेनॉलचेच ऑक्सिडीकरण करू लागते), मग ईथरने धुऊन निर्वातात सुकवावेत; अर्थात जवळपास ज्योत नको. कागदी गाळणीलाही फेरेट सोडत नाही, म्हणून सच्छिद्र काचेची गाळणी घ्यावी. शेवटच्या धुण्याचा थेंब ओल्या हळदीच्या कागदावर टाकावा. तो लालसर झाला तर पोटॅश अजून शिल्लक आहे. सांगलीत हळदीला तोटा नाही.

पोटॅशच्या बाटलीवरचे 85 टक्के हे लेबलही वाचावे, कारण उरलेला भाग बहुतांशी पाणीच असतो आणि संहतीचा हिशेब तेथेच चुकतो. निकेल व कोबाल्टचे अंशही विघटन वाढवतात. गाळून उरलेले द्रावण मात्र आम्लात ओतू नये; त्यात फेरेट बनवताना वापरलेले हायपोक्लोराइट उरले असल्यास क्लोरीन वायू सुटतो.