बी.एड.चा खर्च आणि प्रवेशाचे मार्ग

प्रश्न : बी.एस्सी. (गणित) ५१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाले आहे. प्रवर्ग ओबीसी, घरचे वार्षिक उत्पन्न ३ लाख. जवळचे एक महाविद्यालय म्हणते, ‘आमच्याकडे थेट प्रवेश घ्या, हजेरीचे आम्ही बघतो.’ घ्यावा का?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : घेऊ नका. तुमच्या बाबतीत खर्चाचा सगळा फरक इथेच पडतो. महाराष्ट्रात २०२४-२५पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावरचा किंवा व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश यात बसत नाही. म्हणून बी.एड.ची प्रवेश परीक्षा, सीईटी, द्या, कॅपचा अर्ज भरा, पसंतीक्रम लावा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. कागद वेळेत नसले की हक्काची जागा हातची जाते. प्रवेशानंतर महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शुल्कमाफीसाठी अर्ज करा आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात.

विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यांच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाचा आकडा पाहा, त्यापेक्षा जास्त मागितले तर देऊ नका आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. माफीत न येणारा खर्च वेगळा धरा : वसतिगृह, पाठ टाचणाच्या वह्या, शैक्षणिक साहित्य, सराव शाळेपर्यंतचा प्रवास.

हजेरीच्या आमिषाला तर मुळीच भुलू नका. दोन वर्षांत २० आठवडे शाळेतला अनुभव आहे. त्यात ९० टक्के आणि वर्गात ८० टक्के उपस्थिती एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, नियमांत सक्तीची आहे. नववीच्या वर्गासमोर उभे राहायचे धैर्य याच २० आठवड्यांत येते.

प्रश्न : डी.एड. आहे, प्राथमिक शाळेत नोकरी करतो. नोकरी न सोडता बी.एड. होईल का?
– एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : होईल. दूरशिक्षणातले बी.एड. तुमच्यासारख्या प्रशिक्षित शिक्षकांसाठीच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) पाहा. इग्नूचे शुल्क संपूर्ण अभ्यासक्रमासाठी ५५,००० रुपये आहे. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के हवेत. दोन वर्षांत प्रत्येकी १२ दिवसांच्या दोन सक्तीच्या कार्यशाळा असतात. रजेचे मुख्याध्यापकांशी प्रवेशाआधीच बोलून घ्या.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. पदवीनंतर बी.एड. करावे की आधीच काही मार्ग आहे?
– एक पालक, सातारा

उत्तर : चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटीईपी, आहे. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होते, तीन अधिक दोनच्या तुलनेत एक वर्ष आणि त्याचा राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो. प्रवेश एनसीईटी या राष्ट्रीय परीक्षेतून. मात्र शिक्षकच व्हायचे, हे मुलीचे पक्के असेल तरच.