एकाच पक्षाचे दोघे आमनेसामने का?

प्रश्न : २०२४च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मुलीकडे टेक्सासमध्ये होतो, डॅलसपासून तासाभराच्या अंतरावर. रोज पत्रपेटीत दोन-तीन चकचकीत कार्डं पडायची. तिथले विद्यमान आमदार रिपब्लिकन आणि त्यांना पाडायला निघालेला उमेदवारही रिपब्लिकनच! एका शनिवारी तो स्वतः दारात आला. ‘मी खरा कंझर्व्हेटिव्ह, ते नुसते नावाला,’ असं म्हणून पत्रक देऊन गेला. पक्षाने अशा माणसाला काढून कसं टाकलं नाही? एका कार्डाचा फोटो सोबत पाठवतो आहे.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : काढून टाकण्याचा अधिकारच तिथे पक्षाच्या हातात नसतो. आपल्याकडे तिकीट वरून येतं. यादी मुंबई-दिल्लीत ठरते आणि ए-बी फॉर्म कोणाच्या हातात पडतो याकडे शेवटच्या दुपारपर्यंत सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. कोथरूडमध्ये २०१९ साली भाजपने विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांच्याऐवजी चंद्रकांत पाटील यांना उभं केलं. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. कोथरूडच्या भाजप मतदाराला त्यात विचारलं गेलं नाही, एवढं खरं.

टेक्सासमध्ये तिकीट मतदार देतात. विधानसभेसाठी ७५० डॉलर शुल्क भरायचं किंवा मतदारांच्या ५०० सह्या आणायच्या, की पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, मतपत्रिकेवर आपलं नाव येतं. सम वर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी ही निवडणूक होते. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांची मे महिन्यात पुन्हा लढत होते. जो जिंकेल तो नोव्हेंबरात पक्षाचा उमेदवार. विद्यमान आमदारालाही यातून सुटका नाही. तिथल्या आमदारकीची मुदत दोनच वर्षांची, त्यामुळे दर दोन वर्षांनी घरच्याच माणसाशी गाठ पडू शकते.

पूर्वी अमेरिकेतही बंद खोलीतच नावं ठरत. विस्कॉन्सिन राज्यात सुधारणावादी नेते रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं झुंज दिली आणि १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट प्राथमिक निवडणुकीच्या कायद्यावर कौल दिला. पुढे ही पद्धत देशभर पसरली. नियम मात्र राज्यागणिक वेगळे. पेनसिल्व्हेनियात पक्षाचा मतदार म्हणून आधी नोंद लागते. टेक्सासमध्ये तशी नोंद नसते. केंद्रावर गेल्यावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, आणि मग त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या फेरीत दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही.

आता तुमच्या दारात आलेल्या उमेदवाराबद्दल. तो त्याच हिवाळ्यात का उगवला, हे कळायला नोव्हेंबर २०२३ मध्ये जावं लागेल. खासगी शाळेची फी भरायला पालकांना सरकारी पैसा द्यायची योजना गव्हर्नर (म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे, निवडून आलेले) ग्रेग ॲबट यांना हवी होती. टेक्सासच्या विधानसभेत १५० जागा, बहुमत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं. तरीही विधेयकातून ही योजनाच वगळण्याची सूचना ८४ विरुद्ध ६३ मतांनी मंजूर झाली, कारण २१ रिपब्लिकन आमदार डेमोक्रॅटांच्या बाजूने गेले. यातले बरेचसे गावाकडचे. त्यांच्या भागात खासगी शाळाच जवळपास नाहीत. सरकारी शाळा म्हणजे गावातली सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था, आणि शुक्रवारी रात्री अख्खं गाव जमतं ते तिच्याच फुटबॉलच्या मैदानावर. आपल्या शाळेचा पैसा दुसरीकडे जाईल, या धास्तीने त्यांनी मत दिलं.

आपल्याकडे असं घडूच शकत नाही. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर आमदारकीच धोक्यात येते. तिथे असा कायदा नाही, म्हणून आमदार हवं तसं मत देऊ शकतो. पण त्या मताचा जाब द्यायला त्याला प्राथमिक निवडणुकीत उभं राहावं लागतं. ॲबट यांना या २१ जणांपैकी कोणालाही निलंबित करता येत नव्हतं. मग ते त्यांच्यापैकी अनेकांच्या मतदारसंघांत गेले आणि आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने सभा घेतल्या. त्यांच्या प्रचारनिधीला पेनसिल्व्हेनियातल्या जेफ यास या एकाच धनिकाने ६० लाख डॉलर दिले होते. टेक्सासमध्ये विधानसभेच्या उमेदवाराला एका व्यक्तीने किती द्यावं, यावर मर्यादाच नाही.

तुम्ही पाठवलेलं कार्ड मी मोठं करून दोन-तीनदा पाहिलं. पुढच्या बाजूला सीमेवरचं कुंपण, त्यावर लाल अक्षरांत आमदाराचं नाव. मागे उमेदवार बायको-मुलांसह चर्चच्या पायरीवर. खाली करकपात, बंदुकीचा हक्क, सीमा. शाळेच्या योजनेबद्दल एक ओळही नाही! ज्या मतामुळे ही लढाई पेटली, त्याचाच उल्लेख नाही. हा प्रकार एकट्या तुमच्या कार्डापुरता नव्हता. त्या वर्षीच्या प्रचारात ठिकठिकाणी शाळेवरून सुरू झालेलं भांडण सीमेच्या नावाने लढवलं गेलं. मला याचा राग येतो. शाळेच्या पैशावर कंझर्व्हेटिव्ह मंडळींमध्येच दोन प्रामाणिक मतं होती. पालकाला निवडीचा हक्क हवा हे एक, गावची शाळा टिकली पाहिजे हे दुसरं. दोन्ही बाजूंनी दारात उभं राहून हेच बोलायला हवं होतं. त्यासाठीच तर ही निवडणूक असते.

आव्हान देणाऱ्यांचं बळ किती होतं, ते विधानसभेचे तेव्हाचे सभापती डेड फेलन यांच्या बोमॉन्ट भागातल्या लढतीवरून कळेल. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, केन पॅक्स्टन यांच्यावर मे २०२३ मध्ये विधानसभेने महाभियोग चालवला, तो फेलन यांच्या कारकिर्दीत. पॅक्स्टन राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, सुटले, पण त्यांच्या गोटातला राग शिल्लक राहिला. डेव्हिड कोव्ही हे आव्हानवीर, त्यांच्यामागे ट्रम्प. मार्चमध्ये खुद्द सभापती दुसऱ्या क्रमांकावर गेले. मे महिन्यात वाचले, तेही चारशेहून कमी मतांनी. पुढे त्यांनी सभापतिपदाची शर्यत सोडली. २१ जणांतले अनेक जण तोवर घरी बसले होते. शाळेची योजना मे २०२५ मध्ये कायदा झाली.

मला खरी चिंता वाटते ती मतदानाची. टेक्सासमध्ये नोंदलेले मतदार पावणेदोन कोटींहून जास्त. मार्च २०२४ मध्ये रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत मतं पडली २३ लाखांच्या आसपास. फेलन यांच्या मे महिन्यातल्या फेरीत जेमतेम पंचवीस हजार, आणि तिथल्या एका मतदारसंघाची लोकसंख्या असते सुमारे १ लाख ९४ हजार. अनेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत, तिथे नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती. म्हणजे आमदार कोण, हे मार्चमध्ये घराबाहेर पडणारे थोडे लोक ठरवतात. मुलगी नागरिक झाली असेल तर तिला सांगा, मतदारयादीत नाव मतदानाच्या ३० दिवस आधी लागावं लागतं. आणि मार्च चुकवायचा नाही.

प्रश्न : माझा जावई ग्रीन कार्डवर आहे. त्याच्या ओळखीचा एक जण तिथल्या प्राथमिक निवडणुकीत उभा आहे. जावयाने देणगी दिली तर चालेल का? आम्ही उन्हाळ्यात जाणार आहोत, आम्हीही थोडी मदत करावी म्हणतो.
— एक वाचक, बाणेर

उत्तर : जावई देणगी देऊ शकतात, ग्रीन कार्डधारकांना ती मुभा आहे. मतदान मात्र करू शकत नाहीत. कोणी गडबडीत फॉर्म पुढे केला तरी मतदार म्हणून नोंदणी करू नये, पुढे नागरिकत्व तर अडतंच, शिवाय तो गुन्हा ठरतो. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाणार, तेव्हा एक डॉलरही देऊ नका. राज्याच्या निवडणुकीलाही ही बंदी लागू आहे. जावयाच्या हातात पैसे देऊन त्यांच्या नावाने देणं हाही गुन्हाच. उमेदवाराची सभा ऐका, बिनपगारी स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटायलाही हरकत नाही.

प्रश्न : मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आपल्याकडेही अशा निवडणुका हव्यात, असं आमच्या गटाचं मत पडलं. आपलं मत काय?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : प्रयोग झालेला आहे. २०१४च्या लोकसभेआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत पदाधिकारी-कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार ठरवले. मतदानाचा हक्क सामान्य मतदाराला नव्हता, आणि तो प्रयोग रुजला नाही. पक्षांच्या अंतर्गत कारभारात लोकशाही हवी, हे विधी आयोगाने १९९९च्या १७०व्या अहवालात सांगितलं आहे. तो अहवाल मिळवून वाचा.

पण बाळ, माझ्या मते क्रम उलटा लावायला हवा. आधी आमदाराला मत द्यायला मोकळं करा, मग त्याला जाब विचारण्याची निवडणूक मागा. पक्षादेश थोड्या विषयांपुरताच बंधनकारक असावा, अशी शिफारस निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प इथे शिस्त हवी, ते मलाही पटतं. पण मुळा-मुठेच्या पात्राबद्दल किंवा टेकड्यांवरच्या बांधकामाबद्दल विधेयक आलं, तर पुण्यातल्या आठही आमदारांनी पुण्याकडे बघून मत द्यावं की पक्षाकडे? आज त्यांच्याकडे पर्याय नाही. पर्याय नसलेल्या माणसाविरुद्ध त्याच्याच पक्षातल्या कोणी उभं राहून काय सांगायचं? ‘यांनी अमुक विधेयकाला विरोध केला,’ असं म्हणायला आधी विरोध करता आला पाहिजे.

दुसरी अडचण नोंदीची. ८४ विरुद्ध ६३ हे आकडे आपल्याला कळतात, कारण कोणी कुठे मत दिलं याची नावानिशी नोंद झाली. आपल्या विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. मतविभाजन मागितलं गेलं तरच नावं कागदावर येतात. तुमच्या गटाला एक काम सुचवते. पुण्याशी संबंधित एखादं विधेयक निवडा आणि त्या दिवशीचं विधानसभेचं कामकाज काढून वाचा. आपल्या भागातला आमदार त्यावर बोलला का, काय बोलला, मतविभाजन झालं का, एवढं टिपून मला पाठवा. पुढच्या अंकांत जागा देईन.