नाणं बुडताना गटांगळ्या खातं का?

'पाण्यात सोडलेलं नाणं सरळ खाली जात नाही, इकडेतिकडे सरकत जातं. ते गटांगळ्या खात बुडालं असं म्हटलं तर चालेल का?' असा प्रश्न आहे. माझ्या कानाला नाही चालत. गटांगळ्या खायला जीव लागतो: डोकं वर काढायची धडपड, नाकातोंडात पाणी. वर्तमानपत्रं कोसळत्या विमानालाही गटांगळ्या खायला लावतात, पण निदान विमानात माणसं असतात!

मुळात 'बुडणे' गतीबद्दल काहीच सांगत नाही. पुरात खांब जागचा न हलता अर्धा बुडतो. वस्तू खाली कशी गेली हे सांगायचं तर 'खात' किंवा 'घेत' जोडावं लागतं, आणि काय खात, हे बघून ठरवावं लागतं.

पातळ नाणं आडवं सोडलं की जरा कलतं आणि खालच्या कडेच्या दिशेने घसरतं. घसरताना पुढच्या कडेपाशी पाण्याचा दाब जास्त पडतो. त्याने ती कड उचलली जाते, वेग मरतो, नाणं क्षणभर थबकतं आणि उलट्या बाजूला घसरू लागतं. हे हेलकावे. यात छाप वर असेल तर वरच राहते. नाणं पुरतं उलथायला लागलं, छाप-काटा छाप-काटा, की त्या कोलांट्या. हवेत पडणाऱ्या कागदी पट्टीच्या कोलांट्यांवर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५४ मध्येच लिहून ठेवलंय. द्रवात चकत्या सोडून केलेला एक प्रयोग १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. त्यात या दोन्हींच्या मधली एक बेभरवशाची चालही सापडली: चार हेलकावे, मध्येच कोलांटी, पुन्हा हेलकावे. तिला मराठीत एक शब्द नाही. 'कधी हेलकावे, कधी कोलांट्या खात' असंच म्हणावं.

'गिरक्या' उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या वस्तूला ठीक. 'घरंगळत' इथे नकोच, त्याला टेकायला उतार लागतो.

आणि गाळ? तो बुडत नाही, बसतो. बारीक कण द्रवात किती वेगाने खाली जातो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने, कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट घटतो. स्थिर पाण्यात ०.०२ मिलिमीटरचा मातीचा कण मीटरभर खाली जायला साधारण पाऊण तास घेतो, ०.००२ मिलिमीटरचा तीन दिवसांहून जास्त. तोवर पाणी गढूळच, निवळलं म्हणता येत नाही.